मागच्या हबचं ऑइल ड्रममध्ये उतरतंय, सील बदललं तरी परत तेच (पिकअप, फुल फ्लोटिंग एक्सल)

जुन्नरचा_पिकअपवाला

राम राम मंडळी. गाडी २०१६ ची पिकअप आहे, दीड टनी, सेकंडहँड घेतलेली. पुढे डिस्क, मागे ड्रम, मागचा एक्सल फुल फ्लोटिंग (चाकाच्या मधोमध बाहेर आलेला हब आणि त्यावर बोल्टची ताटली असते तो प्रकार). सीझनला नारायणगाव मार्केटचा टोमॅटो वाशीला, एरवी कांदा, पशुखाद्य, मिळेल ते भाडं. रस्ता बहुतेक वेळा आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण असा, म्हणजे भरलेल्या गाडीला घाट कायम उताराचाच.

प्रॉब्लेम असा की डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने टायर ओला दिसायला लागला, ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढायची आणि हँडब्रेक एकाच चाकाला धरायचा. गॅरेजला नेली, त्यांनी ऑइल सील बदललं, लायनर (ब्रेक शूवरचा ड्रमला घासणारा थर) पेट्रोलने धुतले, गॅसची ज्योत मारून तेल जाळलं, पॉलिश पेपर मारला आणि बसवून दिलं. काही दिवस बरी चालली, आता परत तोच टायर ओला आणि घाट उतरला की जळका वास. आता तेच गॅरेज म्हणतंय हब आणि हाऊसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) दोन्ही गेलं, बदलावं लागेल, आणि खर्च ऐकूनच बसलोय. दुसऱ्याने सांगितलं की नुसतं जरा भारीतलं सील टाक, बाकी काही नाही.

मला कळत नाहीये सील नवीन असताना गळतंच कसं. आणि हे काम घरी करण्यासारखं आहे का? चुलत भावाच्या शेडमध्ये जॅक, घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), पाने, ग्राइंडर सगळं आहे, ट्रॅक्टरची कामं आम्ही घरीच करतो. पण हे ब्रेकचं काम आहे म्हणून आधी विचारतोय. माळशेजला पावसाळ्यात धुकं, वरून धबधब्याचं पाणी आणि मध्येच सेल्फी काढणारे उभे, तिथे ब्रेकशी खेळ करायचा नाही मला.

दापोडीकर_फिटर

मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपला होतो, आता रिटायर आहे, त्यामुळे हबची कामं आयुष्यभर केलीत, सविस्तर सांगतो. थोडं लांबेल पण वाच.

पहिलं काम, जे गळतंय ते नक्की काय आहे ते ठरव. ड्रममध्ये दोन गोष्टी गळू शकतात, एक डिफरन्शिअलचं गिअर ऑइल, दुसरं व्हील सिलेंडरमधलं ब्रेक ऑइल. गिअर ऑइल जाड, चिकट आणि त्याला गंधकासारखा उग्र वास, एकदा नाकात बसला की विसरत नाही. ब्रेक ऑइल पातळ आणि रंग खातं. तरी शंका असेल तर वाटीत पाणी घे, त्यात थेंब टाक, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाईल आणि गिअर ऑइल वर तरंगत राहील. दोन मिनिटांचं काम आहे पण न करताच लोक सील बदलतात आणि गळत असतो सिलेंडर. कधी कधी दोन्ही गळतात बरं का, म्हणून ड्रम उघडल्यावर सिलेंडरचं रबरी बूट बोटाने मागे सारून आत ओलं आहे का बघायचंच.

आता गिअर ऑइलच आहे असं धरून चालू. तुझ्या गाडीत एक्सल शाफ्ट फक्त चाक फिरवतो, गाडीचं वजन त्याच्यावर येत नाही. वजन येतं हबमधल्या दोन टेपर बेअरिंगवर, आणि ती बेअरिंग बसलेली असतात हाऊसिंगच्या टोकाच्या नळीवर, म्हणजे स्पिंडलवर. सील हबमध्ये आतल्या बाजूला बसतं आणि त्याची रबरी ओठासारखी कड त्या स्पिंडलवर घासत फिरते. आता नवीन सील का गळतं याची कारणं बघ, माझ्या अनुभवात यातलंच एखादं निघतं.

ब्रीदर. हाऊसिंगच्या वरच्या बाजूला, डिफरन्शिअलच्या आसपास एक छोटी टोपी किंवा नळी असते, तिच्यातून आतली हवा बाहेर जाते. घाटात ऑइल तापतं, आत प्रेशर होतं. ती टोपी चिखलाने किंवा रंगाने बुजली की प्रेशर जाणार कुठे, सगळ्यात मऊ जागा म्हणजे सील, तिथून ऑइल ढकललं जातं. सील कितीही भारीतलं टाक, ब्रीदर बंद असेल तर ते गळणारच. मी कुठलाही हब उघडायच्या आधी ब्रीदर बघतो.

ऑइल लेव्हल. भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच ऑइल पाहिजे, गाडी सपाटीवर उभी करून बोट घालून बघायचं. उतारावर उभी करून भरलं की जास्त बसतं.

बेअरिंग ढिलं. हे सगळ्यात महत्त्वाचं. चाक जॅकवर उचल, वर आणि खाली धरून हलव, खुळखुळ जाणवली तर हब डुलतोय. हब डुलला की सीलची कड एका बाजूला दाबली जाते, दुसऱ्या बाजूला उघडी पडते, आणि लोक म्हणतात सील डुप्लिकेट निघालं.

आणि स्पिंडलवर चर. सील ज्या जागेवर घासतं तिथे वर्षानुवर्षांत बारीक चरी पडते. नख फिरवून बघ, नख अडकलं की समज नवीन सील तिथे नीट बसणार नाही. पण यासाठी हाऊसिंग बदलायची गरज सहसा नसते, त्याच्यावर पातळ स्टीलची स्लीव्ह बसते. हाऊसिंग तडकलेलं असेल, वाकलेलं असेल किंवा बेअरिंगची बैठकच खाल्लेली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बदलावंच लागतं. तुझ्या गॅरेजवाल्याने यातलं काय दाखवलं ते विचार. दाखवलं नसेल तर खर्चाला हो म्हणू नकोस.

लायनरबद्दल मात्र माझं मत अगदी पक्कं आहे. तेल प्यायलेला लायनर फेकायचा. पेट्रोलने धुऊन, ज्योत मारून वरचं तेल जातं, आतलं जात नाही, घाटात ड्रम तापला की ते परत वर येतं आणि नेमकं तेव्हाच ब्रेक सुटतो जेव्हा तुला तो हवा असतो. ज्योतीने लायनरचा चिकटवलेला थर सुद्धा सुटू शकतो. आणि बदलायचे तर दोन्ही चाकांचे बदल, एका बाजूला नवीन एका बाजूला जुने ठेवले तर गाडी ओढणारच.

सांगलीचा_गॅरेजवाला

काकांनी सगळं नीट सांगितलंय, मी एक विचारतो भावा, गाडीला पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवलेत का? आणि मागच्या एक्सलपासून चॅसीला जाणारा एक रॉड किंवा स्प्रिंग आहे का, वर पितळी किंवा लोखंडी व्हॉल्व्हला जोडलेला?

जुन्नरचा_पिकअपवाला

हो, दोन्ही बाजूंना एक एक जादा पाटा आहे, आधीच्या मालकाने टाकलेला. रॉड पण आहे, तो तारेने वर बांधून ठेवलाय. मला वाटलं तुटला असेल म्हणून बांधला असेल. त्याचा आणि ऑइल गळतीचा काय संबंध?

सांगलीचा_गॅरेजवाला

गळतीशी संबंध नाही, ब्रेकशी आहे, आणि तुला घाट उतरायचाय म्हणून सांगतोय.

तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, आम्ही एलएसपीव्ही म्हणतो. ब्रेक मारला की वजन पुढे जातं आणि रिकामी पिकअप मागून हलकी होते, तेव्हा मागच्या चाकांना पूर्ण प्रेशर दिलं तर ती लॉक होतात आणि गाडी आडवी फिरते. म्हणून हा व्हॉल्व्ह रिकाम्या गाडीत मागचं प्रेशर कमी ठेवतो. माल भरला की बॉडी खाली बसते, एक्सल आणि चॅसीमधलं अंतर कमी होतं, रॉड वर ढकलला जातो आणि व्हॉल्व्ह मागे पूर्ण प्रेशर सोडतो. म्हणजे त्या व्हॉल्व्हला माल किती आहे ते कळतं ते फक्त गाडी किती बसली यावरून.

आता पाटा वाढवला की काय होतं बघ. दीड टन भरला तरी गाडी बसतच नाही, व्हॉल्व्ह म्हणतो गाडी रिकामी आहे, मागे प्रेशर अर्धवट. सगळा भार पुढच्या डिस्कवर, पॅड भराभर संपतात, पुढे जळका वास येतो आणि मालक म्हणतो पॅड खराब कंपनीचे. मग कोणीतरी शहाणा रॉड तारेने वर बांधतो म्हणजे व्हॉल्व्ह कायम उघडा. भरलेल्या गाडीला बरं वाटतं, पण वाशीहून रिकामी परत येताना पावसात जोरात ब्रेक मारून बघ, म्हणजे बघू नको, पण मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरणार हे नक्की. तुझ्यासारखी मालवाहू गाडी एका बाजूने रिकामीच येते ना, मग अर्धा प्रवास तू धोक्यात करतोयस.

माझ्याकडे आलेल्या गाडीला मी आधी तो जादा पाटा काढायला सांगतो, मग रॉडची सेटिंग कंपनीच्या मॅन्युअलच्या मापाने करतो. अंदाजाने रॉड वरखाली करायचा नाही. पाटा काढायचा नसेल तर निदान प्रेशर गेज लावून पुढचं मागचं प्रेशर मोजून देणाऱ्याकडून सेट करून घे. आणि दीड टनीच्या गाडीत अडीच टन भरायचे म्हणून पाटे वाढवले असतील तर भावा ब्रेक, बेअरिंग, स्पिंडल, सगळं त्याच्यामुळेच संपतंय. पाट्याने गाडी वजन उचलते, थांबवायचं काम ड्रमलाच करायचं असतं आणि ड्रम तेवढाच राहतो.

नाशिक_द्राक्ष_ट्रान्सपोर्ट

शेवटच्या ओळीसाठी दादा तुम्हाला मनापासून धन्यवाद, हे कोणी सांगत नाही. मी आणि भाऊ मिळून पिकअप चालवतो, द्राक्षं आणि भाजीपाला, आमचा घाट कसारा. आम्ही ठरवूनच पाटे वाढवत नाही आणि पासिंगएवढाच माल भरतो. व्यापारी बोलतात, भाडं दुसऱ्याला देतात, देऊ दे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा आहे, आणि जादा माल उतरवून ठेवावा लागतो तो वेगळा. एका फेरीत जादा मिळालेलं भाडं त्यात कुठल्या कुठे जातं. पण मला दंडाची भीती कमी, गाडीवर बसलेल्या पोराची जास्त आहे. आमचे दोन्ही ड्रायव्हर तरुण आहेत, घरी लहान मुलं आहेत.

जुन्नरच्या दादांना एक विचारायचं, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? टाकी भरलेली आहे म्हणजे झालं असं समजू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो. नवीन डॉट ३ (डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे ग्रेड) किमान २०५ डिग्रीला उकळतं पण पाणी पिऊन बसलेलं १४० ला, डॉट ४ चं तेच २३० आणि १५५. घाटात सलग ब्रेक दाबला की सिलेंडरपाशी उष्णता पोचते, ऑइल उकळतं, पाइपमध्ये वाफ होते आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोचत नाही. त्यात ड्रमचं अजून एक असतं, ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, म्हणून पेडल अजून खाली. आम्ही दर दोन वर्षांनी सगळं ऑइल काढून नवीन भरतो, गाडी चालली नसली तरी. झाकणावर लिहिलेलं असतं डॉट ३ की ४, तेच घ्यायचं, आणि सील फोडलेली जुनी बाटली वापरायची नाही.

आणि उतरताना गिअर. ज्या गिअरवर चढता त्याच्यात किंवा एक खाली उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, दाबा, वेग कमी करा, सोडा. न्यूट्रल तर कधीच नाही. हे तुम्हाला माहीत असणार, पण ड्रायव्हर ठेवलात तर त्याला स्वतः बाजूला बसवून शिकवा.

लेथ_चाकण

माझं लेथचं काम आहे त्यामुळे ड्रम आणि स्पिंडलबद्दलच बोलतो.

ड्रमवर कास्टिंगमध्येच जास्तीत जास्त आतला व्यास किती चालतो ते लिहिलेलं असतं, गंज ब्रशने साफ केला की दिसतं. त्याच्यापुढे गेला की टर्न करायचा (लेथवर आतून तासायचा) नाही, भंगारात टाकायचा. त्या मापाच्या आत आहे पण चरी पडल्यात किंवा अंडाकृती झालाय (ब्रेक मारल्यावर पेडल पायाला धडधड मारतं ते यामुळेच) तर टर्न करून घ्या. गिऱ्हाईक एकच ड्रम घेऊन येतं तेव्हा मी परत पाठवतो, दोन्ही आणा, दोन्हीचा व्यास सारखा ठेवायला लागतो नाहीतर गाडी ओढते. निळे डाग म्हणजे तिथे लोखंड जास्त तापून कडक झालंय. बारीक केसासारख्या रेषा वरवरच्या असतील तर टर्नमध्ये निघतात, पण आरपार जाणारी किंवा कडेपर्यंत पोचलेली भेग असेल तर ड्रम तिथल्या तिथे बाद. त्याला वेल्डिंग मारून देणारे आहेत, मी हात जोडून सांगतो करू नका.

स्लीव्ह बसवायची तर स्पिंडलची ती जागा मायक्रोमीटरने मोजून त्याच मापाची रेडिमेड स्लीव्ह मिळते, भिंत अगदी पातळ असल्याने सील तेच ओरिजनल मापाचं चालतं. चर खोल असेल तर आधी त्यात मेटल पुट्टी भरून गुळगुळीत करायची आणि मग स्लीव्ह ठोकायची, ती पण सोबत येणाऱ्या कपाने सरळ, हातोडा थेट कडेवर मारला की कड वाकते आणि नवीन सील पहिल्याच फेरीत कापलं जातं. आणखी एक सोपा मार्ग म्हणजे सील हबमध्ये एखादा मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून कड चरीच्या शेजारी आणायची, पण जागा असेल तरच आणि बेअरिंगला घासणार नाही हे बघूनच.

अजून एक. हबमध्ये बेअरिंगची बाहेरची रिंग, कप म्हणतो आपण, ती हाताने फिरत असेल तर हबचं घर ढिलं झालंय. काही ठिकाणी सेंटर पंचाने घरात टिपके मारतात किंवा पत्र्याची शिम घालून रिंग ठोकून देतात. बसल्यावर घट्ट वाटतं पण रिंग टिपक्यांच्या टोकावर उभी असते, भरलेल्या गाडीत ती टोकं झिजतात आणि परत ढिली, आणि तोपर्यंत बेअरिंग तिरकं चाललेलं असतं. असा हब बदला. हब बदलायला सांगितलं म्हणून गॅरेजवाला लगेच चुकीचा ठरत नाही, फक्त रिंग फिरते का ते डोळ्याने बघा.

ह्यूस्टनहून_कोल्हापूरकर

इथे एक टनी पिकअपला ट्रेलर लावून काम करतो, मागचा एक्सल असाच फुल फ्लोटिंग. इथल्या बऱ्याच मोठ्या पिकअपना मागे पण डिस्कच आहेत, फोर्ड सुपर ड्यूटी १९९९ च्या मॉडेलपासूनच चारही डिस्क घेऊन आली, आणि हँडब्रेकसाठी डिस्कच्या पोटात छोटा ड्रम. त्यामुळे ड्रमबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं नाही, पण हब तोच.

एक गोष्ट कोणी बोललं नाही. काही एक्सलमध्ये हबची बेअरिंग ग्रीसवर चालतात आणि काहीत डिफरन्शिअलचंच ऑइल हबपर्यंत येतं. तुमची कुठली ते मॅन्युअलमध्ये बघा. ऑइलवर चालणारी असतील तर सगळं बसवल्यावर हब कोरडा असतो, आणि तसाच घाटात नेला तर बेअरिंग जळतं. बसवताना बेअरिंगला ऑइल चोळा, मग डिफरन्शिअल भरल्यावर गाडीची एक बाजू जॅकने उचलून थोडा वेळ ठेवा म्हणजे ऑइल खालच्या बाजूच्या हबमध्ये उतरतं, मग दुसरी बाजू. शेवटी सपाटीवर लेव्हल परत बघा, कमी झालेली असणार. ग्रीसवाली असतील तर आत आणखी एक सील असतं ज्याने ऑइल हबमध्ये येऊ नये, ते गेलं की ऑइल ग्रीस धुऊन नेतं, तेव्हा बाहेरचं एकच सील बदलून भागत नाही.

जुन्नरचा_पिकअपवाला

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. रविवारी भाऊ आणि मी उघडली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, मागचा एक्सल घोड्यांवर घेतला. जे दिसलं ते लिहितो.

वाटीतल्या पाण्यावर थेंब तरंगला, म्हणजे गिअर ऑइलच. ब्रीदरची टोपी काळ्या रंगाखाली पूर्ण बुजलेली, कधीतरी चॅसीला रंग मारताना त्याच्यावरूनच ब्रश फिरलाय, काढली तेव्हा फुस्स करून हवा आली. डावा हब वरखाली धरला तर चांगलाच खुळखुळत होता. लॉक वॉशरची पाकळी नटावर वळवलेलीच नव्हती आणि नटाच्या कडा छिन्नीने मारून मारून गोल झाल्यात. बाहेरचं बेअरिंग निळसर पडलंय. हबमधल्या रिंगा घट्ट आहेत, फिरत नाहीत. स्पिंडलवर नख अडकतंय. उजवी बाजू कोरडी आहे, बेअरिंग चांगलं दिसतंय. व्हील सिलेंडर डावा बुटाच्या आत किंचित ओला.

म्हणजे हाऊसिंगही बदलायचं नाही आणि हबही नाही, बरोबर ना? ड्रम दोन्ही लेथला दिलेत. आता सांगा बसवताना काय काय जपायचं, आणि बेअरिंग किती टाइट करायचं. गॅरेजवाला म्हणतो हाताच्या अंदाजाने.

दापोडीकर_फिटर

शाबास, नीट बघितलंस. आता तुलाच कळलं असेल, नट ढिला, हब डुलतोय, वर ब्रीदर बंद, यात सील कुठलंही टाकलं असतं तरी राहिलं नसतं. हाऊसिंगला हात लावायची गरज नाही, डाव्या बाजूला स्लीव्ह टाकून घे.

बेअरिंग डावीकडची दोन्ही बदल, आतली रिंग बाहेरची रिंग सेटनेच, जुन्या रिंगवर नवीन रोलर घालायचे नाहीत. रिंग काढताना समोरासमोरच्या बाजूंनी आलटून पालटून पितळी पंचाने, आणि नवीन ठोकताना जुनीच रिंग उलटी ठेवून तिच्यावर हातोडा मार. खाली पूर्ण बसली की ठोक्याचा आवाज बदलतो, ठणठण कडक येतो. उजव्या बाजूचं सील पण बदलून टाक, उघडलंच आहे तर.

नटासाठी हब पाना घे, नट आणि लॉक वॉशर दोन्ही नवीन. छिन्नी हातोडा परत त्या नटाला लावू नकोस. टाइट करताना हब हाताने फिरवत राहा, फिरवता फिरवता नट आवळ, हब जड फिरायला लागला की रोलर जागेवर बसले, मग नट मागे घे. किती मागे ते गाडीगाडीला वेगळं, साधारण पाव फेऱ्याच्या आत असतं, पण आकडा तुझ्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घे, ते पीडीएफ मिळतं. शेवटी हब बोटाने सहज फिरला पाहिजे आणि ओढून बघितला तर खुळखुळ हाताला जाणवता कामा नये. मग पाकळी वळव. हाताचा अंदाज एसटीत पण होता, पण तो मोजून मोजूनच बसलेला होता.

एक्सलच्या ताटलीचं पॅकिंग नवीन, बोल्ट आणि त्यांची भोकं पूर्ण कोरडी करून घे. भोकात ऑइल राहिलं तर टॉर्क खोटा येतो आणि बोल्ट ढिले होऊन तुटतात. कोन वॉशर असतील तर त्यांच्या जागा साफ कर.

सिलेंडर किंचित ओला असला तरी बदल, दोन्ही बाजूंचे. पिस्टनची रबरं पेट्रोल, डिझेल, ग्रीस कशालाही लागू देऊ नको, फुगतात, फक्त ब्रेक ऑइल. शू बसवताना अ‍ॅडजस्टर डावा उजवा बदलू नकोस, आटे उलटे असतात, बदलले की लायनर जवळ यायच्या ऐवजी लांब जातो. म्हणून एका वेळी एकच चाक उघडायचं, दुसरं बघून बघून जुळवायला तसंच ठेवायचं, मोबाइलवर फोटो काढलेस तर उत्तमच. आणि ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, पाण्याने भिजवून पुसून घ्या. शेडमध्ये घरातली मुलं फिरत असतील तर त्यांना बाहेर काढ.

जुन्नरचा_पिकअपवाला

काका एक शेवटचं. ब्रेकची हवा काढताना काही क्रम आहे का? आणि सांगलीच्या दादांनी सांगितलेला तो व्हॉल्व्ह, जादा पाटे मी काढतोय, रॉडची तार पण सोडली. हवा घोड्यांवर असतानाच काढू का?

सांगलीचा_गॅरेजवाला

घोड्यांवर नको भावा. घोड्या चॅसीखाली असल्या आणि एक्सल लोंबकळत असला की रॉड खाली ओढला जातो, व्हॉल्व्ह बंद बाजूला जातो आणि मागच्या लाइनमध्ये हवा अडकून राहते. चाकं लाव, गाडी जमिनीवर घे, वजन एक्सलवर येऊ दे. व्हॉल्व्हला स्वतःचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) असेल तर तो पण सोडायचा. क्रम मॅन्युअलमध्ये असतो, नसेल तर मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू, म्हणजे आपल्याकडे डावं मागचं. टाकी रिकामी होऊ देऊ नको. पाइपमधून स्वच्छ नवीन ऑइल यायला लागेपर्यंत काढ, जुनं सगळं जाऊ दे, नाशिकच्या ताईंनी सांगितलेलं पाण्याचं कारण आहेच.

आणि आधी शू अ‍ॅडजस्ट, मग हवा, हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. केबल आधी ओढली की शूमधली ढिलाई लपते आणि पेडल खालीच राहतं.

दापोडीकर_फिटर

बरोबर. यात भर एवढीच, नवीन लायनर ड्रमला पूर्ण टेकायला दोन-तीनशे किलोमीटर जातात, तेवढं आधी मोकळ्या रस्त्यावर, हलक्या मालावर, बेताचे ब्रेक मारत चालव, लगेच टोमॅटो भरून माळशेज नको. पहिले दहा किलोमीटर झाले की थांब, हात हबच्या जवळ नेऊन बघ, एकदम टेकवू नको, डावा उजव्यापेक्षा जास्त तापत असेल तर नट जास्त आवळलाय किंवा शू घासतोय, परत उघड. ताटलीचे बोल्ट आणि चाकाचे नट तेव्हाच परत आवळून घे. पहिल्या भरलेल्या खेपेला घाट उतरल्यावर टोकावड्याला चहाला थांबलास की तेच परत कर, टायरच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून ओलावा बघ, आणि काय दिसलं ते इथे टाक.